राणीच्या बागेत लहान मुलांसोबत: झाडं, पेंग्विन आणि शेजारचं संग्रहालय

प्रश्न थोडक्यात असा: ठाण्याहून एक कुटुंब शनिवारी भायखळ्याच्या राणीच्या बागेत येणार आहे. पाच वर्षांची मुलगी, दोन वर्षांचा मुलगा, आईबाबा आणि गुडघे दुखणाऱ्या आजी. मुलीला पेंग्विन बघायचे आहेत, आईला मुलांना झाडं दाखवायची आहेत, आणि जमलं तर आसपासचं आणखी काही. दिवस कसा आखावा?

आधी वेळेचा हिशेब करू, कारण बहुतेक बेत तिथेच फसतात. दोन वर्षांचं मूल अनोळखी गर्दीत, उन्हात, चालत आणि कडेवर मिळून साधारण तीन तास आनंदात राहतं. त्यानंतर भूक, झोप आणि घाम एकत्र येतात आणि पुढे काहीही दाखवलं तरी त्याच्यापर्यंत ते पोहोचत नाही. बाग पन्नासेक एकरांवर पसरलेली आहे. सगळं बघायचं म्हटलं तर दोन-अडीच किलोमीटरची पायपीट सहज होते. म्हणून "सगळं बघायचं" हा विचार घरीच सोडून या. पेंग्विन, दोन-तीन प्राणी, चार झाडं आणि संग्रहालयातला अर्धा तास एवढं झालं तर दिवस भरला असं धरा.

दुसरी गोष्ट मला फार मनापासून सांगायची आहे. ही बाग १८६२ साली लोकांसाठी उघडली ती वनस्पती उद्यान म्हणून. प्राणी तिथे बऱ्याच नंतर आले. आजही तिच्या पूर्ण नावात आधी वनस्पती उद्यान आहे, मग प्राणिसंग्रहालय: वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय. तीन हजारांहून जास्त झाडं आणि पावणेतीनशेहून जास्त जाती एका कुंपणात असलेली दुसरी जागा मुंबई शहराच्या पोटात नाही. २००७ नंतर बागेच्या पुनर्विकासाचा आराखडा पुढे आला तेव्हा ही झाडं वाचावीत म्हणून नागरिकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, एकेक झाड मोजून नोंदवलं. तरीही आत आलेली बहुतेक कुटुंबं पिंजऱ्यापासून पिंजऱ्यापर्यंत चालतात आणि मधल्या झाडांची फक्त सावली घेतात. तुम्हाला झाडं दाखवायची आहेत हे वाचून म्हणूनच बरं वाटलं.

आता येण्याचं. शनिवारी अनेक कार्यालयं चालू असतात, त्यामुळे सकाळी साडेसात ते दहा या वेळात कल्याण-कर्जत-कसाऱ्याकडून येणाऱ्या जलद गाडीत दोन मुलं आणि आजी घेऊन ठाण्याला चढायचा विचारही करू नका. ठाण्याहूनच सुटणारी सीएसएमटीची धीमी लोकल पकडा. दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतील, पण बसायला जागा मिळेल आणि मुलं भायखळ्याला उतरताना रडकुंडीला आलेली नसतील. भायखळ्यापर्यंत साधारण पाऊण तास ते पन्नास मिनिटं धरा. पाच वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला अर्धं तिकीट लागतं, हे घाईत विसरतं. रविवारी यायचं झालं तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक कुठे आहे ते आदल्या दिवशी बघून घ्या. जाताना अडचण येत नाही, अडकायला होतं ते परतताना, दुपारी. पश्चिम रेल्वेवरून येणाऱ्यांनी दादरला बदलावं, हार्बरवरून येणाऱ्यांनी कुर्ल्याला.

भायखळ्याला पूर्वेकडे उतरा. बाग डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर आहे, मोठ्यांच्या पायांनी बारा-पंधरा मिनिटांवर. हे अंतर दोन वर्षांच्या मुलाला चालवू नका आणि आजींनाही नको, टॅक्सी करा. त्यांची पावलं बागेसाठी राखून ठेवायची आहेत. घडीची ढकलगाडी आतल्या फरसबंदी वाटांवर चालते, पण स्टेशनच्या जिन्यांवर तीच ओझं होते. पोटाला बांधायची पिशवी किंवा जुनं मऊ लुगडं जास्त कामाचं. स्वतःची गाडी आणणार असाल तर पार्किंगच्या भरवशावर निघू नका. सुट्टीच्या दिवशी तिथे गाडी लावायला लागणाऱ्या वेळात मूल पेंग्विन बघून बाहेर आलेलं असतं.

बुधवारी बाग बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग त्या दिवशी उघडी राहते आणि दुसऱ्या दिवशी बंद, म्हणजे गुरुवारी फसगत होऊ शकते. संग्रहालयही बुधवारी बंद. बाग सकाळी साडेनऊला उघडते, संध्याकाळी सहाला मिटते. तिकीट खिडकी मात्र त्याच्या बरीच आधी बंद होते, तेव्हा चारनंतर पोहोचायचा बेत नको. २०१७ मध्ये ठरलेले दर मोठ्यांना ५० रुपये, मुलांना २५ रुपये आणि आईबाबा व दोन मुलं अशा चौघांना मिळून १०० रुपये असे होते. निघण्याआधी महापालिकेच्या ऑनलाइन तिकिटाच्या पानावर एकदा खात्री करा आणि तिकीट तिथेच काढा. आजींचं आधार कार्ड वयाच्या पुराव्यासाठी जवळ ठेवा. ऑनलाइन तिकिटाचा खरा फायदा पैशांचा नाही, रांगेचा आहे. नववर्षाच्या दिवशी किंवा दिवाळीच्या सुट्टीत इथे एका दिवसात तीस हजारांवर माणसं आलेली आहेत. असे दिवस आणि मे महिन्यातले रविवार लहान मुलांसाठी टाळाच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ, फक्त त्या महिन्यांत कामाच्या दिवशी शाळांच्या सहली असतात. शनिवारची सकाळ हा मधला मार्ग बरा आहे.

आत शिरल्यावर आधी स्वच्छतागृह. मुलगी "मला नाही आली" म्हणेल, तरी न्या. पेंग्विनच्या रांगेच्या मध्यावर हमखास येते.

मग सरळ पेंग्विनकडे. हे आधी करायचं कारण रांग. साडेनऊ-दहाला ती आटोक्यात असते, अकरानंतर फुगत जाते. दुसरं कारण मुलीचं मन. जे बघायला ती आली आहे ते झाल्याशिवाय तिला गोरखचिंच दाखवण्यात अर्थ नाही, ती दर दोन मिनिटांनी पेंग्विनचंच विचारणार. हे हम्बोल्ट पेंग्विन. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ आणले गेले आणि २०१७ च्या मार्चमध्ये कक्ष लोकांसाठी उघडला. त्यानंतर इथेच पिल्लं झाली आणि संख्या वाढली. काचेपलीकडचं तापमान १६ ते १८ अंशांच्या आसपास ठेवलेलं असतं. चित्रांच्या पुस्तकांमुळे मुलांना वाटतं की पेंग्विन म्हणजे बर्फ. इथे बर्फ दिसला नाही की काही मुलं हिरमुसतात. म्हणून गाडीतच सांगून ठेवा: हे पेंग्विन बर्फावर राहत नाहीत. पेरू आणि चिलीच्या खडकाळ किनाऱ्यावर राहतात, तिथलं समुद्राचं पाणी थंड असतं म्हणून त्यांना गारवा लागतो. उंचीला साधारण पासष्ट-सत्तर सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या धाकट्याच्या खांद्याला लागेल एवढे. त्याला काचेजवळ जमिनीवर उभं करा, कडेवर घेऊ नका. पेंग्विन पाण्यातून सळकन काचेजवळ येतो तेव्हा दोघांचे डोळे जवळपास एका रेषेत येतात, आणि कडेवरच्या मुलाचं तेच नेमकं हुकतं. काचेवर थापा मारायला मुलांचे हात शिवशिवतात. "मारू नको" म्हणण्याऐवजी दोन्ही तळवे काचेला नुसते टेकवून ठेवायला सांगा, ते बहुतेक मुलं ऐकतात. बाहेर घाम, आत गारवा, म्हणून धाकट्यासाठी पातळ पूर्ण बाह्यांचा सदरा पिशवीत वरच ठेवा.

तिथून प्राण्यांपैकी दोन किंवा तीनच निवडा. वाघ, बिबट्या, अस्वल सकाळी अकरापर्यंत आणि मग दुपारी चारनंतर हालचाल करतात. मधल्या वेळात ते सावलीत झोपतात आणि मुलं "कुठंय, कुठंय" करत कंटाळतात. वाघ सकाळीच उरका. मोठी मांजरं दिसली नाहीत तरी पाणघोडा सहसा निराश करत नाही, फक्त पाण्याबाहेर यायची वाट बघायची तयारी हवी. दोन वर्षांच्या मुलासाठी माझी पहिली पसंती मुक्त पक्षीविहाराला आहे. त्यात आपण जाळीच्या आत चालतो आणि पक्षी डोक्यावरून उडतात. पिंजऱ्याच्या गजांमधून बघण्यापेक्षा हे त्याला कितीतरी जवळचं वाटतं. मगरींच्या तळ्याला पाण्याखालून बघायची काच आहे, पण मगर तासभर दगडासारखी पडून राहू शकते. पाच वर्षांच्या मुलीला त्यात गंमत वाटेल, धाकट्याला नाही. प्राण्यांना काहीही खायला घालायचं नाही, चुरमुरासुद्धा नाही. मुलांना कारण सांगा: त्यांचं पथ्य ठरलेलं असतं, आणि पिशवीसकट गिळलं तर जीव जातो.

साधारण अकरा वाजता झाडांकडे वळा. बागेची दाट सावली तेव्हाच खऱ्या उपयोगाची.

झाड मुलांना दाखवताना मोठी माणसं एक चूक नेहमी करतात. वर बोट करून "ते बघ केवढं मोठं झाड" म्हणतात. एक मीटर उंचीच्या मुलाला वर फक्त हिरवं आणि डोळ्यांत ऊन दिसतं. मुलाचं जग गुडघ्याखाली आहे. म्हणून झाड जमिनीवरून दाखवायचं: खाली काय पडलंय, खोड हाताला कसं लागतं, वास कसला येतो. मग मूल आपणहून मान वर करतं. झाडांवर पाट्या आहेत, पण सगळ्या नाहीत. झाड सापडत नसेल तर काम करणाऱ्या माळीकाकांना नाव सांगून विचारा, नकाशात शोधत बसण्यापेक्षा लवकर सापडतं.

पहिलं कैलासपती. मुलांसाठी याच्याइतकं चकित करणारं झाड नाही, कारण फुलं फांद्यांच्या टोकाला न येता थेट खोडातून फुटलेल्या दोरखंडासारख्या जाड देठांवर येतात. त्यामुळे ती मुलांच्या उंचीवर सापडतात. एक ताजं पडलेलं फूल उचला. सहा मांसल पाकळ्या, बाहेरून पिवळट, आतून गुलाबी-लाल. मध्ये पुंकेसरांची एक वाकलेली फणा, आणि तिच्याखाली पांढरट बारीक पुंकेसरांचं वाटोळं वलय. पिंडीवर नागाने फणा धरावी तसं ते दिसतं, म्हणून हे नाव. फणा बोटाने हलकेच वर उचलायला मुलीला सांगा, खालचं वलय आणि मधला ठिपका स्पष्ट दिसतो. वास नाकाला लागतो, गोड आणि उग्र. काही जण याला नागचाफा म्हणतात, ते चुकीचं आहे, नागचाफा निराळं झाड. कैलासपती मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. आता धोक्याचं: याच खोडावर तोफगोळ्यासारखी तपकिरी फळं लटकतात, नारळाएवढी होतात आणि पिकली की धाडकन पडतात. फळं लटकत असतील त्या घेराखाली मुलांना थांबू देऊ नका, फूल उचला आणि चार पावलं बाजूला येऊन बघा. फुटलेल्या फळाचा गर हवेत निळसर पडतो आणि त्याला घाण वास येतो. मुलांना तो वास दुरून जरूर घेऊ द्या, आठवडाभर बोलतील.

दुसरी गोरखचिंच. आफ्रिकेतून आलेलं झाड, चिंचेच्या कुळातलं नाही. फळातला गर आंबट, म्हणून चिंच. पान हाताच्या पंजासारखं, पाच ते सात पर्णिकांचं. पण तुम्ही हिवाळ्याच्या शेवटी आलात तर पान एकही नसेल. मुलगी विचारेल, "हे मेलंय का?" मेलेलं नसतं. हे झाड कोरड्या महिन्यांत पानं टाकून देतं आणि पावसाच्या तोंडावर पुन्हा पालवतं. इथे एक मोजमाप करता येतं. माणसाचा दोन्ही हातांचा पसारा जवळजवळ त्याच्या उंचीएवढा असतो. मुलीची उंची ११० सेंटिमीटर असेल तर तिची एक कव म्हणजे साधारण तेवढंच अंतर. तिला खोडाला चिकटून हात पसरायला लावा, बोटाचं टोक जिथे येतं तिथून पुढची कव. पाच कवा झाल्या तर घेर साडेपाच मीटर. खोडाभोवती कुंपण असेल तर ते ओलांडू नका, कुठल्याही जुन्या पर्जन्यवृक्षावर (रेन ट्रीवर) हाच खेळ होतो. आजींना मोजणीदार करा. त्यांनी बाकावर बसून आकडे लक्षात ठेवायचे.

तिसरा सीतेचा अशोक. आपल्याकडे सोसायट्यांच्या कुंपणाला उंच सरळ वाढणारं आसुपालव लावतात आणि त्यालाच अशोक म्हणतात, त्यामुळे मोठ्यांचीही ओळख इथे दुरुस्त होते. जानेवारी ते एप्रिलमध्ये आलात तर जुन्या फांद्यांवर फुलांचे घोस दिसतील. एकाच घोसात ताजी फुलं पिवळट-नारिंगी आणि जुनी लाल असतात. पाच वर्षांच्या मुलीला "यातलं सगळ्यात आधी उमललेलं कोणतं?" एवढंच विचारा आणि थांबा. ती शोधून काढते. घोसांवर मुंग्या असतात, नाक खुपसण्याआधी बघून घ्या.

चौथी उर्वशी. ब्रह्मदेशातून आलेलं हे झाड या बागेची शान आहे. हिवाळ्याच्या उत्तरार्धात तिची लाल फुलं पिवळे ठिपके मिरवत लांब देठांवर खाली लोंबतात, झुंबरासारखी. फुलांचा हंगाम नसेल तरी कोवळी पानं बघा. ती फिक्या तपकिरी-जांभळट रंगाची असतात आणि ओल्या फडक्यासारखी लटकतात. मुलांना वाटतं झाडाला पाणी मिळालं नाही. खरं तर ती नवीन पानं आहेत, थोड्या दिवसांनी हिरवी होऊन ताठ होतात. सीतेच्या अशोकाची कोवळी पानंही अशीच लोंबतात, दोन्ही झाडं एकाच कुळातली आहेत. मुलीला दोन्ही ठिकाणी तीच "झोपलेली पानं" ओळखता आली, तर वनस्पतिशास्त्राचा एक धडा तिने पुस्तकाविना घेतला.

चार पुरेत. पाचवं झाड दाखवायची हौस आवरा.

हाताला काम हवं म्हणून खोडाचा ठसा घ्यायला लावा. यासाठी पातळ कागद लागतो, छपाईचा साधा किंवा त्याहून पातळ. चित्रकलेचा जाड कागद नेला तर खोडाची नक्षी उमटतच नाही, इथेच बहुतेकांचं फसतं. मेणखडूचं वेष्टन घरीच काढा आणि खडू आडवा धरायला शिकवा. कागद मोठ्या माणसाने खोडावर दोन्ही हातांनी ताणून धरायचा, मुलाने वरून खाली एकाच दिशेने खडू फिरवायचा. मागेपुढे घासलं की कागद फाटतो. पर्जन्यवृक्षासारखं खरबरीत, भेगाळलेलं खोड निवडा. गुळगुळीत खोडावर काही येत नाही.

गोळा करायला एक कागदी पिशवी आणि नियम दोन: फक्त खाली पडलेलं घ्यायचं, आणि एकाला पाचच वस्तू. पाचची मर्यादा असली की मूल निवडायला लागतं, सहावी आवडली तर कुठली टाकायची यावर विचार करतं. धाकट्यासाठी तिसरा नियम तुमच्याकडे: त्याच्या तोंडात मावेल असं काहीही त्याच्या हातात द्यायचं नाही. बिया नाकात घालण्याचं हेच वय. लाल चकचकीत बियांपासून विशेष सावध राहा. गुंज विषारी असते आणि रतनगुंजेच्या बियाही दिसायला तशाच मोहक. कण्हेरीचं कुठलंही अंग तोंडात जाऊ देऊ नका. त्याला मोठं पान द्या, त्यातच तो रमतो.

बारा वाजता डबा. खायचं साधं आणि कोरडं असू द्या: तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, राजगिऱ्याचे लाडू. दहीभात उकाड्यात आंबतो आणि चटणीचं सँडविच चार तासांत ओलं होतं. स्टीलचे डबे आणि बाटल्या आणा, प्लास्टिकच्या पिशव्या नकोत. मुलांना प्रत्येकी निदान अर्धा लिटर पाणी वेगळं. बाकापाशी कावळे टपलेले असतात, डबा उघडा ठेवून उठू नका.

त्यानंतर संग्रहालय. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बागेच्या दाराशीच आहे, तिकीट वेगळं. बागेतून बाहेर पडलात की त्याच तिकिटावर परत आत येता येईल असं गृहीत धरू नका, म्हणून हे शेवटी. १८७२ मध्ये उघडलेली ही इमारत २००८ मध्ये मोठ्या डागडुजीनंतर पुन्हा खुली झाली, आणि त्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा पुरस्कारही मिळाला आहे. मुलांना छताची सोनेरी नक्षी आणि पायाखालच्या रंगीत फरशा आधी दिसतात. तळमजल्यापुरतं पुरे, आजींना जिना चढायला लावू नका. मातीच्या छोट्या बाहुल्यांमधून जुन्या मुंबईतली माणसं आणि त्यांचे पेहराव मांडलेले आहेत. "वेगवेगळ्या पगड्या किती?" हा एकच प्रश्न मुलीला वीस मिनिटं पुरतो. धाकट्याचा आवाज घुमायला लागला की एकाने त्याला बाहेर न्यायचं.

बाहेर त्याच्यासाठी दगडी हत्ती आहे. हा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं ते याच हत्तीवरून. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा प्रयत्न केला तेव्हा उचलताना तो फुटला, आणि पुढे तुकडे इथे आणून जोडले. सांधे नीट दिसतात. मुलांना फक्त "कुठे कुठे जोडलाय?" विचारा. जवळच डेव्हिड ससून यांच्या नावाचं घड्याळ आहे. आणि फोर्टातल्या काळा घोडा भागाला ज्याच्यावरून नाव पडलं तो खरा काळा घोडाही बागेच्या आवारातच आहे, म्हणजे इंग्रज राजपुत्राचा अश्वारूढ पुतळा, १९६५ मध्ये फोर्टातून इथे हलवलेला. फोर्टात आज दिसतो तो स्वाराविना घोडा २०१७ मधला. मुंबईकर मुलांनी दोन्ही बघावेत, पण एकाच दिवशी नाही.

आसपासचं आणखी काही विचारलंत, त्याचं उत्तर: त्या दिवशी नको. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आणि नेहरू तारांगण नकाशावर जवळ दिसतात, पण प्रत्येकाला स्वतंत्र सकाळ लागते. तारांगण सोमवारी बंद असतं. अंधारात शांत बसणं दोन वर्षांच्या मुलाला झेपत नाही, तेव्हा तिथे मुलीला एकटीला न्या. खडा पारशीचा पुतळा भायखळा पश्चिमेला उड्डाणपुलांच्या बेचक्यात आहे, टॅक्सीतून दाखवावा, रहदारीत मुलांना घेऊन उतरू नये. भायखळा स्टेशन मात्र परतताना दोन मिनिटं थांबून बघाच. एकोणिसाव्या शतकातली इमारत जुन्या रूपात आणली गेली आहे, तिच्या कामालाही २०२२ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. दोनच्या सुमारास निघालात तर धाकटा गाडीत झोपेल आणि संध्याकाळच्या गर्दीआधी ठाणे येईल.

काही गोष्टी घरातून निघतानाच कराव्यात. सकाळी दोन्ही मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांत फोटो काढा. चुकामूक झाली तर रंग आठवत बसावं लागत नाही. फोन नंबर बॉलपेनने मनगटाच्या आतल्या बाजूला लिहा, शर्टावर नाव लिहू नका, कारण नावाने हाक मारणाऱ्या अनोळखी माणसावर मूल विश्वास ठेवतं. मुलीला सांगा: आम्ही दिसलो नाही तर जिथे आहेस तिथेच उभी राहा आणि गणवेशातल्या रखवालदारांना हाक मार. डासांसाठी पूर्ण विजार, डासांचं मलम लावायचं तर वेष्टनावर किती वयापासून लावता येतं ते वाचून. जून ते सप्टेंबरमध्ये वाटा शेवाळाने निसरड्या होतात आणि जोराच्या वाऱ्यात जुन्या झाडांच्या फांद्या पडतात. त्या दिवसांत संग्रहालय आधी करा आणि वारा सुटलेला असेल तर बाग सोडून द्या.

आणि शनिवारी सकाळी नऊची गाडी चुकलीच तर घाई करू नका, क्रम उलटा करा. साडेअकराची रिकामी लोकल पकडून साडेबाराला पोहोचा, आधी संग्रहालय, बाहेरच्या हत्तीपाशी खेळ, अडीचच्या आसपास बागेत शिरून आधी पेंग्विन, मग झाडं, चारनंतर वाघ. पेंग्विनची रांग मोठी असेल, त्या वेळी आईबाबांपैकी एकाने रांगेत उभं राहायचं आणि दुसऱ्याने मुलांना सावलीत पानं गोळा करू द्यायची. परतीच्या वेळी ठाण्याच्या दिशेने गर्दी असेल, तेव्हा दोन धीम्या गाड्या सोडून तिसरी पकडायची तयारी ठेवा.

आणलेली पानं त्याच रात्री वर्तमानपत्राच्या घडीत, पानावर पान येणार नाही अशी पसरून, जाड पुस्तकांखाली ठेवा. दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी कागद बदला. तो बदलला नाही तर मुंबईच्या दमटपणात बुरशी धरते आणि पान काळं पडतं. आठवड्याने पान कडक होतं. मुलीला प्रत्येकाखाली झाडाचं नाव तिच्या अक्षरात लिहू द्या, चुकलं तरी.